घाणेरीचा हजेरीपट

पावसाळा सरल्यावर जव्हारहून मोखाड्याकडे निघालात, तर रस्त्याच्या दोन्ही अंगांना एक झुडूप फुललेले दिसेल. पिवळी, केशरी, गुलाबी बारीक फुले आणि एकाच गुच्छात दोन-दोन, तीन-तीन रंग. मुंबई-नाशिकहून धबधबे पाहायला आलेली मंडळी गाडी थांबवून त्याच्याशेजारी फोटो काढून घेतात. त्यात त्यांची चूक नाही, कारण ते मुळात शोभेसाठीच या देशात आणले गेले. पान चुरगळून नाकाशी धरले की मग कळते, आपल्याकडे त्याला घाणेरी का म्हणतात. आमच्या भागात कुणी टणटणीही म्हणते.

मित्रहो, या झुडपाशी माझा संबंध कवितेतून आला नाही. कवी म्हणून मला चार लोक ओळखतात, पण माझी भाकरी कवितेने दिलेली नाही. मराठी विषय घेऊन बी. ए. झालो आणि एका सरकारी कचेरीत कारकुनी मिळाली. माझ्याकडे हजेरीपट आले. हजेरीपट म्हणजे मजुराचे नाव, त्याचा पाडा, दिवसांचे चौकोन, शेवटी रक्कम आणि त्यापुढे अंगठा. वर एका ओळीत कामाचा प्रकार लिहायचा: रोपवाटिका, चर खोदणे, जाळरेषा काढणे आणि दर एक-दोन वर्षांनी ‘झुडपे तोडून जागा साफ करणे’. ही शेवटची ओळ मी कितीदा लिहिली असेल याचा हिशेब नाही. आज बोलायचे आहे ते त्या ओळीविषयी.

अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात सरकारी जमिनीवरच्या घातक तणांचा बंदोबस्त करायला वेगळे तज्ज्ञ नेमतात. ते नकाशे करतात, कोणते तण कुठवर आले याच्या नोंदी ठेवतात, औषध फवारण्याचा परवाना घेतात आणि त्याच जागी पुन्हा पुन्हा जातात. आपल्याकडे या नावाचे पद नाही. काम मात्र आहे. ते वनरक्षकाच्या देखरेखीखाली, मुकादमाच्या हाकेवर, वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी माणसांनी रोजंदारीवर केलेले आहे. त्यांचा इतिहास कुठे लिहिलेला नाही. त्या झुडपाचा मात्र आहे, म्हणून आधी तो सांगतो.

घाणेरी मूळची अमेरिका खंडाच्या उष्ण भागातली. सतराव्या शतकात डचांनी ती युरोपात नेली. तिथल्या बागवानांनी तिच्या जातींचे संकर करून रंग वाढवले. भारतात ती 1809 च्या सुमारास कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात आली, असे बहुतेक ग्रंथ सांगतात. पण ती काही एकदाच आली नाही. छावण्या, बंगले, थंड हवेची ठिकाणे, मिशनऱ्यांची आवारे, जिथे जिथे साहेबाला कुंपण हवे होते तिथे तिथे ती लावली गेली. कुंपणासाठी याहून गुणी झाड मिळणे कठीण. गुरे तिला तोंड लावत नाहीत, अंगावर आकडीसारखे काटे असतात, पाणी मागत नाही, तोडली तर दाट होते. बुलबुल आणि साळुंक्या तिची काळी फळे खातात आणि बी दुसरीकडे टाकतात. कुंपणापलीकडे गेल्यावरही हे सगळे गुण तिच्याजवळ राहिले, एवढेच झाले.

आमच्या डोंगरात ती रस्त्याने आली आणि कुपांतून पसरली. कूप म्हणजे त्या वर्षी तोडीला काढलेला जंगलाचा तुकडा. मुंबई वाढत होती. तिला इमारती लाकूड हवे होते, जळण हवे होते, कोळसा हवा होता आणि हे सारे हाकेच्या अंतरावरच्या ठाणे जिल्ह्यातून मिळत होते. (पालघर जिल्हा 2014 चा, त्याआधीची आमची सगळी कागदपत्रे ठाण्याची.) जव्हार हे मुकण्यांचे संस्थान, मोखाडा इंग्रजांचा मुलूख. दोघांचे कायदे वेगळे, पण सागाला दोन्हीकडे भाव होता आणि संस्थानाच्या तिजोरीत जंगलाचा पैसा मोठा होता. 1948 मध्ये संस्थान विलीन झाले. त्याच सुमारास जंगल कामगारांच्या सहकारी संस्था उभ्या राहू लागल्या. ठेकेदाराने आदिवासीला लुटू नये म्हणून बाळासाहेब खेर आणि त्यांनी 1940 मध्ये स्थापन केलेल्या आदिवासी सेवा मंडळाने ती खटपट केली होती आणि ती मोलाची होती. पण कूप ठेकेदाराने तोडला काय आणि संस्थेने तोडला काय, वरचे छत्र गेले की जमिनीवर ऊन पडतेच.

आणि घाणेरीला ऊनच हवे असते. दाट सावलीच्या जंगलात ती नावापुरती असते, उघड्यावर माजते. माझे अब्बा लाकडाच्या वखारीत लिहिण्याचे काम करीत. ते सांगायचे, कूप निघाला की दोन पावसाळ्यांत तिथे टणटणी उभी राहते, तिसऱ्या साली माणूस आत शिरू शकत नाही. खाली गवत उगवत नाही, सागाचे, ऐनाचे, धावड्याचे नवे रोप वर येत नाही. उन्हाळ्यात तिच्या वाळक्या काटक्यांत वणवा शिरला तर जमिनीवरची आग झाडाच्या फांदीपर्यंत चढते. भुकेल्या गुराने पाला खाल्लाच तर त्याला कावीळ होते आणि उन्हात कातडी सोलून निघते. असे जनावर पाहिलेला माणूस घाणेरीविषयी कविता करणार नाही. मी तरी केली नाही.

तण म्हणजे काय, हे मात्र या मुलखाला घाणेरीने शिकवलेले नाही. ती येण्याआधीपासून आमच्याकडे तणाविरुद्धचे एक शास्त्र होते. त्याचे नाव राब. ज्यांनी भातशेती जवळून पाहिली आहे त्यांना सांगायला नको. इतरांसाठी थोडक्यात सांगतो. रोपासाठी राखलेल्या तुकड्यावर शेण, झाडांच्या डहाळ्या, पालापाचोळा, गवत असे थर घालायचे, वर माती पसरायची आणि उन्हाळ्याच्या अखेरीस ते जाळायचे. मग त्या भाजलेल्या मातीत भाताचे किंवा नाचणीचे बी टाकायचे. शेतकऱ्याला विचारा, तो दोन कारणे सांगेल. राखेने रोप जोमदार होते आणि आचेने तणाचे बी मरते. आमच्याकडे पाऊस असा कोसळतो की रोपाबरोबर तण आले तर बेणणी करायला सवड मिळत नाही. तण खाई धन, ही म्हण ज्याने केली त्याने जून महिन्यात उघड्या पाठीवर पाऊस झेलला असणार.

आता गंमत पाहा. 1878 चा वन कायदा झाला आणि राब हा जंगलाचा शत्रू ठरला. डहाळ्या सरकारी झाडाच्या, म्हणून त्या तोडणे गुन्हा. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत याविरुद्ध इतकी ओरड झाली की 1885 मध्ये सरकारला क्रॉफर्ड यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमावा लागला. त्या आयोगापुढे जे गाऱ्हाणे पुन्हा पुन्हा आले ते राबाचेच. याच काळात शेतकी खात्याचे संचालक ओझॅन यांनी लोणावळा आणि इगतपुरीकडे राबाचे प्रयोग करून पाहिले. विलायतेहून आलेल्या डॉ. व्होल्कर यांनी भारतीय शेतीवरच्या 1893 च्या अहवालात त्या प्रयोगांची दखल घेतली. पुढे 1912 मध्ये पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे हॅरल्ड मॅन यांनी जोशी आणि कानिटकर या सहकाऱ्यांबरोबर राबावर एक निबंध प्रसिद्ध केला. निव्वळ राखेवर न थांबता मातीला बसणाऱ्या आचेचे मोल त्यांनी तपासले. वारल्याचा आजा जे सांगत होता ते छापून यायला एवढा काळ जावा लागला. मॅनसाहेबांविषयी मला आदरच आहे. पुण्याजवळच्या एका खेड्यात घरोघर जाऊन शेतकऱ्याचा जमाखर्च मांडणारा तो माणूस होता. पण एक बोचते. ज्या काळात सरकारी माणूस तण जाळणाऱ्याला आरोपी ठरवत होता, त्याच काळात साहेबाच्या कुंपणातली घाणेरी रानात उतरत होती आणि तिच्यावर कुणी खटला भरला नाही.

अगदीच कुणी नाही असे म्हणता येणार नाही. कुर्गमध्ये कॉफीचे मळेवाले तिला कंटाळले आणि तिथे 1914 मध्ये घातक तणांविरुद्ध कायदा झाला. कायद्याने झुडूप थांबले नाही. मग सरकारला किड्यांची आठवण झाली. त्यामागे एक जुनी कथा आहे, ती सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही.

1795 मध्ये नीलसन नावाचा एक कप्तान ब्राझीलहून निवडुंगावर पोसलेले किडे घेऊन कलकत्त्याला उतरला. कंपनी सरकारला किरमिजी रंग हवा होता आणि तो रंग ज्या किड्यापासून निघतो तो हाच, अशी समजूत होती. किडा निघाला भलताच. त्याचा रंग हलक्या प्रतीचा, धंद्याला निरुपयोगी. पण त्याने दुसरेच काम केले. ज्या निवडुंगावर त्याला सोडले तो निवडुंगच त्याने खाऊन संपवला. निवडुंगही बाहेरून आणलेला आणि माजलेला, त्यामुळे शेतकरी सुटला. तण मारायला किडा वापरण्याचे जगातले हे पहिल्या काही उदाहरणांपैकी एक, आणि तेही चुकून घडलेले. पुढे 1926 मध्ये त्याच्या जातभाईला सिलोनहून मुद्दाम आणले आणि दक्षिण भारतात दुसऱ्या जातीच्या निवडुंगाची रानेच्या राने काही वर्षांत झोपली.

हे पाहून घाणेरीचाही किडा शोधायचा असे ठरले. 1916 पासून वाय. रामचंद्र राव या कीटकशास्त्रज्ञाने हिंदुस्थान आणि ब्रह्मदेश पालथा घालून घाणेरीवर कोणकोणते कीटक आहेत याची यादी केली. ती 1920 मध्ये छापली गेली. चारशेपानी कादंबरीने बांधून ठेवू नये तसे मला त्या माणसाच्या चिकाटीने बांधून ठेवले. कामाचा किडा घरात सापडला नाही म्हणून 1921 मध्ये हवाई बेटांतून फळात अंडी घालणारी एक माशी आणली. तिने फळे पोखरली, पण बी मेले नाही. मग 1941 मध्ये ऑस्ट्रेलियाहून ढेकणाच्या कुळातला एक किडा डेहराडूनला आणला. तो घाणेरीचा पाला शोषून तिला उघडी-बोडकी करतो. बंदिस्त खोलीत त्याची परीक्षा चालू असताना दिसले की तो सागाच्या फुलावरही बसतो. साग म्हणजे खात्याचे लाडके लेकरू. किडे मारून टाकण्याचा निर्णय झाला. त्यातले काही आधीच निसटले होते. पुढे ते रानात सापडले, देशभर पसरले. सागाचे त्यांनी काही वाकडे केले नाही आणि घाणेरीचेही फारसे नाही. ती उन्हाळ्यात पाने टाकते, पावसात पुन्हा फुटते.

किड्याला यश आले ते दुसऱ्या एका तणावर, गाजरगवतावर. याला आपण काँग्रेस गवत म्हणतो आणि पीएल-480 च्या अमेरिकन गव्हाबरोबर आले असे छातीठोक सांगतो. पुण्यात त्याची नोंद झाली 1955 मध्ये आणि तो करार भारताशी झाला 1956 मध्ये. त्याआधीही अमेरिकेचा गहू येत होता, म्हणून गव्हाला पूर्ण निर्दोष सोडता येत नाही. पण रॉक्सबर्ग यांच्या कलकत्ता उद्यानाच्या 1814 च्या यादीतही हे गवत आहे, हे फारसे कुणी सांगत नाही. असो. कर्नाटकाने 1975 मध्ये त्याला कायद्याने घातक तण ठरवले. 1983 मध्ये मेक्सिकोहून पट्ट्यापट्ट्यांचा एक भुंगा बंगळूरला आणला आणि 1984 पासून शेतात सोडला. महाराष्ट्रातही तो पुष्कळ ठिकाणी पोचला आहे आणि पावसाळ्यात गाजरगवताची चाळण करतो. आमच्याकडे गाजरगवत रस्त्याच्या खडीबरोबर, ट्रकच्या चाकाबरोबर आले. बाजाराच्या जागेत, शाळांच्या पटांगणांत दिसते. डोंगर मात्र अजून घाणेरीचा.

आता त्या ओळीकडे येतो.

नोकरीला लागून दोन-तीन वर्षे झाली होती. मोखाड्याच्या बाजूला एका पाड्यालगतच्या उतारावर रोपवन घ्यायचे होते. आधी जागा साफ करायची. मंजुरीच्या कागदात घाणेरीचा उल्लेख होता. हजेरीपटावर लिहिताना मी तो शब्द गाळला आणि ‘सर्व झुडपे’ असे लिहिले. घाणेरी हा शब्द सरकारी कागदावर बरा दिसणार नाही, असे माझ्यातल्या मराठीच्या पदवीधराला वाटले. एवढेच कारण. त्याला दुसरे काही कारण नव्हते.

मुकादमाने कागद वाचला आणि कागदाप्रमाणे काम केले. कोयते चालले. घाणेरी गेली, तिच्याबरोबर करवंदीच्या जाळ्या गेल्या, तोरण गेले, अळूची झाडे गेली, दिंडा गेला. क्षेत्र साफ दिसले, मोजणी झाली, पगार वाटायला मी पाड्यावर गेलो. एक म्हातारी बाई अंगठा द्यायला पुढे आली. तिचे नाव पटावर होते, म्हणजे ते काम तिनेही केले होते. अंगठा शाईत बुडवून ती थांबली.

“भाऊ, सगळी झुडपं तोडा असं तू लिवलंस का?”

“हो आजी. का?”

“करवंदीला झुडूप कोण म्हणतं?”

मी काही बोललो नाही. ती सांगत राहिली. वैशाखात घरात धान्य संपलेले असते. तेव्हा पाड्यावरच्या पोरी पहाटे उठून करवंदे काढतात, पानांचे द्रोण भरतात आणि खोडाळ्याच्या, जव्हारच्या बाजारात रस्त्याच्या कडेला बसतात. त्या पैशाचे मीठ-मिरची येते. आता त्या पोरी कुठे जाणार? आणि वर म्हणाली, “टणटणीला कोयता लावला की तिला चेव येतो. एकीच्या दहा होतात. तिचं मूळ काढायला पायजे. आम्ही मुकादमाला सांगितलं, तो म्हणला मुळाचे पैसे कागदावर नाहीत.” शेवटी तिने विचारले, “पुढल्या साली कोण येणार हाय बघायला?”

माझ्या पटात पुढल्या सालाचा चौकोन नव्हता. तिने अंगठा उठवला आणि निघून गेली.

पुढच्या पावसात तिने सांगितले तसेच झाले. घाणेरीच्या प्रत्येक खुंटाला झुबक्यासारखे फुटवे आले. करवंदीचा जोर तेवढा नसतो, तिला परत उभे राहायला वर्षे लागतात, तोवर तिच्या जागेवर घाणेरी पसरलेली होती. रोपवनातली रोपे त्या दाटीत शोधावी लागत. ही चूक कुठल्या कचेरीची म्हणून सांगत नाही. शब्द माझा होता.

नंतर मी एकदा धीर करून टिपणात लिहिले, ‘फक्त घाणेरी, मुळासकट’. वरिष्ठांनी बोलावले. माणूस वाईट नव्हता. म्हणाला, “क्षेत्र मोजता येतं. मुळं कशी मोजणार? तपासणीला आलेल्यांना खड्डे दाखवू का?” त्याच्या म्हणण्यातही तथ्य होते. तोडलेले हेक्टर कागदावर चढतात. न उगवलेले झुडूप कोणत्या रकान्यात दाखवायचे?

पुष्कळ वर्षांनी वाचनात आले की दिल्ली विद्यापीठाचे प्राध्यापक सी. आर. बाबू यांनी कॉर्बेटच्या जंगलात घाणेरी काढण्याची एक रीत बसवली. जमिनीच्या वरून तोडायचे नाही, जाळायचे नाही, औषध नाही. कुदळीने माती जरा उकरायची आणि मुख्य मूळ जमिनीखाली बोटभर खोलीवर छाटायचे. फुटवे येतात ते त्या वरच्या गाठीतून, म्हणून ती गाठच बाहेर काढायची. निघालेले झुडूप मुळे वर करून उलटे ठेवायचे, म्हणजे खुंट पुन्हा मातीला लागत नाही. हे फळ धरण्याआधी करायचे. नंतर दोन-तीन वर्षे, विशेषतः पक्षी ज्या झाडांवर बसतात त्यांच्या खाली, उगवलेली रोपे हाताने उपटायची आणि मोकळ्या झालेल्या जागेत आपले गवत, आपली झाडे येऊ द्यायची. मी वाचत होतो आणि मला ती अंगठा शाईत बुडवून थांबलेली म्हातारी दिसत होती. शास्त्रज्ञाचे श्रेय कमी करायचे नाही. खोली मोजणे, गाठ ओळखणे, नोंद ठेवणे हे त्यांनी केले आणि म्हणून ते सरकारला सांगता आले. आजीजवळ सांगायला फक्त मी होतो.

या रीतीतले कष्टही सांगायला हवेत. उन्हाळ्यात आमची जमीन दगडासारखी असते, कुदळ उडते. पाऊस पडून माती मऊ झाली की काम सोपे, पण तेव्हा प्रत्येक जण आपल्या किंवा दुसऱ्याच्या आवणात असतो. म्हणजे भात-नाचणी घरात आल्यावरचे थोडे दिवस हाती उरतात आणि त्याच दिवसांत निम्मा मोखाडा वीटभट्टीवर, बांधकामावर निघून गेलेला असतो. घाणेरीचे काटे हातात मोडतात. हातमोज्यांचा खर्च मी कुठल्या पटावर लिहिल्याचे आठवत नाही.

कर्नाटकात मलै महादेश्वराच्या डोंगरात सोलिग लोक घाणेरीच्या काठ्या उकळून, सोलून खुर्च्या, टोपल्या करतात. बांबूची जागा तिने घेतली. कारागिरी सुंदर आहे. तरी तण हे विकण्याची वस्तू झाले की ते हवेसे वाटू लागेल, अशी शंका माझ्या मनातून जात नाही. आणि खुर्च्या करून संपावी एवढी ती थोडी नाही. 2020 मध्ये भारतीय वन्यजीव संस्थेच्या संशोधकांनी केलेला अभ्यास सांगतो की देशातल्या दीड लाख चौरस किलोमीटरहून अधिक जंगलात ती आहे.

उर्दूत आपोआप उगवलेल्या झाडाला खुदरौ म्हणतात. त्यात निंदा नाही, शायर तो शब्द कौतुकानेही वापरतात. मराठीत आपण ‘रान’ म्हणतो. रानभाजी म्हणताना तोंडाला पाणी सुटते आणि ‘रान माजले’ म्हणताना कपाळाला आठी येते. कोकणात दुसरे एक परदेशी झुडूप आहे, तेही बंगालकडून आलेले. त्याचे नाव लोकांनी ठेवले रानमोडी. रान मोडते ती रानमोडी. पदवीधराला असे नाव सुचले नसते. कुर्डू शेतात आला तर तण, तोच कोवळा खुडला तर भाजी. टाकळ्याचेही तेच. बेणायला बसलेली बाई उपटता उपटता अर्धे बांधावर फेकते आणि अर्धे ओच्यात घेते. घाणेरी तिने कधी ओच्यात घेतली नाही.

2006 चा वनहक्क कायदा आल्यावर गावांना आपले जंगल राखण्याचा हक्क मिळू शकतो. कागद मिळवायला किती फेऱ्या घालाव्या लागतात ते आमच्या भागात कुणालाही विचारा. पण ज्या गावांनी चिकाटी धरली तिथे वहिवाट बदलते आहे. मी त्या उतारावर मागच्या आषाढात पुन्हा गेलो होतो. पाड्यावरच्या काही बाया दुपारच्या वेळी तिथे फिरत होत्या, हातात काही नाही, नुसते वाकून रोपे उपटत होत्या. रोपवनातले काही साग मोठे झाले आहेत. एका कडेला करवंदीची जाळी परत आली आहे, माझ्या कमरेएवढी.

म्हातारी आता नाही. तिथल्या एका तरुण बाईला मी माझी ओळख दिली, पट लिहिणारा तो मीच, असेही सांगितले. तिने ऐकून घेतले आणि पायाजवळच्या वीतभर रोपाकडे बोट केले. समोरासमोर पाने, कडेला दाते.

“काका, ही काय ते सांगा.”

“घाणेरी,” मी म्हणालो आणि उपटायला वाकलो.

तिने माझा हात धरला. “पान चुरगळून बघा आधी.”

चुरगळले. वास आला नाही. खोडावर काटे नव्हते. भारंगी होती. आठ दिवसांनी पाने खुडण्याजोगी होतील, असे ती म्हणाली, आणि माझ्या ओढण्याने सैल झालेली माती तिने पायाने दाबून बसवली.